वैऱ्यासाठी साक्ष

निरुपमा शिरसाठ प्रतापरावांचा द्वेष करायची आणि तो लपवायचीही नाही. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत मराठी घरं दोनच होती, भिंतीला भिंत लागून. बाकी सगळे गुजराती. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, ही दोन घरं एकमेकांच्या आधाराने राहत असतील. थोड्याच दिवसांत त्यांचा भ्रम फिटायचा.

प्रतापराव जुन्या संस्थानी शिलेदारांच्या घराण्यातले. घोडे गेले, संस्थान गेलं, जीपगाड्या भाड्याने द्यायचा धंदा राहिला. आवाज मात्र पागेतलाच. निरुपमाच्या आजेसासऱ्यांनी नगरकडे बाप्तिस्मा घेतला होता, एवढं त्यांना पुरे होतं. 'बाटगे' हा शब्द ते कुंपणावरून खरकटं टाकावं तसा टाकायचे. रविवारी संध्याकाळी शिरसाठांकडे पेटीवर भजनं सुरू झाली की रेडिओ खिडकीत आणून ठेवायचे. निरुपमाही ऐकून घेणारी नव्हती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वर्ग गप्प करायची सवय असलेला गळा होता तिचा. रेडिओ लागला की पेटीचा भाता आणखी जोरात हलवायची आणि नवऱ्याला म्हणायची, "वरच्या पट्टीत घ्या."

शरच्चंद्र हसायचा. "अगं, देवाला ऐकवायचंय की प्रतापरावांना?"

मग एका उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी, शरच्चंद्रच्या छातीत कळ आली. रुग्णालयाची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन अडली, कारण तिथे प्रतापरावांची जीप आडवी उभी होती. मुलगी सुवार्ता किल्ली मागायला धावली. प्रतापराव ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस होता.

"अर्धी दाढी ठेवून येऊ का?" ते म्हणाले. "थांब."

त्यांनी दुसरा गाल केला, तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं आणि मग किल्ली शोधली. तोवर समोरच्या घरातल्या माणसांनी शरच्चंद्रला खुर्चीत बसवून गल्लीबाहेर उचलून नेलं होतं. तो वाटेतच गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. निरुपमाने ते ऐकलं, पण मानलं नाही.

त्यानंतर चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा क्षमेचं वाक्य आलं की ती ओठ मिटून घ्यायची. आजूबाजूचे म्हणत राहायचे. ते वाक्य संपलं की ती पुन्हा त्यांच्यात मिसळायची. देवाला हे कळतं हे तिला माहीत होतं. कळू दे, असं तिला वाटायचं.

काही वर्षांनी संक्रांतीला, पतंगांच्या उत्तरायणात, सकाळपासून सगळं बडोदं छपरांवर होतं. जिकडेतिकडे भोंगे, पिपाण्या, "काप्यो छे"ची आरोळी. निरुपमा गच्चीवर गेली ती वाळवणं काढायला. भर दुपारी मांजा अंगावर येईल म्हणून डोक्याला पदर घट्ट गुंडाळला होता. पतंगांकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष शेजारच्या गच्चीकडे होतं, कारण तिथे प्रतापराव होते. ते कुठे उभे आहेत, काय खातात, कोणावर ओरडतात, हे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. द्वेष करणारं माणूस पाळतीवर असल्यासारखं जगतं. तशी ती जगत होती.

प्रतापरावांचे चुलतभाऊ तुकोजीराव त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे. घर कोणाचं किती, यावरून दोघांत वाद. त्या वादात गच्चीच्या गल्लीकडच्या कठड्याचं काम अर्धवट राहिलं होतं. तू बांध, मी का बांधू, असं करत कठडा गुडघ्याएवढाच उरला होता. सकाळी दोघांचं त्यावरूनच जुंपलं. प्रतापराव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "जास्त बोललास तर इथूनच खाली फेकीन!"

दुपारी तुकोजीरावांचा पतंग पेचात अडकला. ते ढील देत देत मागे सरकू लागले. मान वर, दोन्ही हात दोरीत. प्रतापराव लांब, पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. निरुपमाने तुकोजीरावांची टाच कठड्याला लागताना पाहिली. तिला ओरडायचं होतं, पण भोंग्यांच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार, आणि तेवढा वेळही नव्हता. प्रतापरावांनी वळून पाहिलं. ओले हात तसेच पुढे करून ते धावले. तुकोजीराव मागे कलले तेव्हा त्यांची बाही प्रतापरावांच्या मुठीत आली. क्षणभर ती धरली. मग टरकन फाटली.

खाली बाईची किंचाळी उठली, तेव्हा आसपासच्या गच्च्यांवरच्या माणसांनी माना वळवल्या. त्यांना दिसले ते कठड्यापाशी वाकलेले, दोन्ही हात पुढे पसरलेले प्रतापराव.

तुकोजीराव संध्याकाळपर्यंत गेले. त्यांची बायको रखमाबाई सोसायटीच्या फाटकाशी बसून ऊर बडवत होती. "ढकललं हो! सकाळी बोलला होता आणि तसंच केलं!" सकाळची धमकी ऐकलेले कितीतरी होते. फाटलेली बाही म्हणजे झटापटीचा पुरावा झाला. पोलीस प्रतापरावांना घेऊन गेले. जीपमध्ये बसताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

फौजदार घरोघरी विचारत शिरसाठांच्या दाराशी आला. दार सुवार्ताने उघडलं. ती आता नोकरीला लागली होती, वाघोडियाच्या एका कारखान्याच्या ऑफिसात.

"तुमच्यापैकी कोणी पाहिलं का?"

"नाही," सुवार्ता म्हणाली. "आई स्वयंपाकघरात होती. मी झोपले होते."

निरुपमा तिच्या मागे, जेमतेम दोन हातांवर उभी होती. फौजदाराने तिच्याकडे पाहिलं. "बरोबर ना, बेन?"

तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. फौजदाराला तेवढं पुरलं. तो पुढच्या दाराशी गेला.

दार लावून सुवार्ता वळली. "तू वर होतीस. मला माहीत आहे. तू काही पाहिलंस का?"

"पाहिलं."

"त्यांनी ढकललं?"

"नाही. धरायला गेले होते."

सुवार्ताने दाराची कडी पुन्हा ओढून पाहिली. मग म्हणाली, "तू स्वयंपाकघरात होतीस, आई."

पुढचे दिवस निरुपमाला गोड गेले. खरं तेच सांगायचं तर गोडच गेले. प्रतापरावांची बायको जिजाबाई नळावर आली की बायका बादल्या उचलून निघून जायच्या. जीपवर कोणीतरी कोळशाने 'खुनी' लिहिलं होतं. ओट्यावर धूळ साचली. खिडकीत रेडिओ नव्हता. निरुपमा शाळेतून येताना मुद्दाम त्या घरासमोरून सावकाश चालायची. आपण काही केलेलं नाही, असं ती स्वतःला बजावायची. खोटं बोललेलो नाही. शब्दही उच्चारलेला नाही. आपल्याला फक्त काही करायचं नाही, एवढंच. इतक्या कमी कष्टांत इतका मोठा न्याय तिला आजवर कोणी दिला नव्हता.

चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ विश्वंभरकाका भेटायला आले. शरच्चंद्रचे ते जिवलग. निरुपमाने त्यांना सगळं सांगितलं, कारण कोणाला तरी सांगायला हवं होतं.

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "तुला कोणी न्यायालयात बोलावलंय?"

"नाही."

"मग तू स्वतःहून का जाणार? निरुपमा, देव आपल्या वेळेला न्याय करतो. तुझ्या हाताने नाही केला त्याने, तुझ्या डोळ्यांसमोर केला. बघ आणि गप्प राहा."

"आणि फाशी झाली तर?"

"त्याच्या पापांचा हिशेब काय या एकाच दिवसाचा आहे?" काकांच्या आवाजाला धार आली. "शरदला खुर्चीतून न्यावं लागलं, विसरलीस?"

ती विसरलेली नव्हती. काकांनी जे म्हटलं तेच ती रोज मनात म्हणत होती. पण काकांच्या तोंडून ते ऐकताना तिला कसंसंच झालं. ते प्रार्थनेला बसले, तिच्या सांत्वनासाठी देवाचे आभार मानू लागले. ती मध्येच उठून बश्या विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी निरुपमा शाळेतून आली तेव्हा जिजाबाई घराच्या फाटकाशी उभी होती. इतक्या वर्षांत ती या फाटकाशी कधी आली नव्हती. डोळे सुजलेले, पण ताठ उभी.

"तुम्ही गच्चीवर होतात," ती म्हणाली. "मी खालून पाहिलं. पदर गुंडाळला होता तुम्ही."

निरुपमा कुलूप काढत राहिली. "मी पतंग बघत नाही."

"पतंगाचं कोण विचारतंय?"

निरुपमाने कुलूप पर्सेत टाकलं. जिजाबाईच्या तोंडावर एक वेडंवाकडं हसू आलं. "राहू द्या. मी पाया पडायला आलेली नाही. तुमच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तोंड उघडलं नसतं. शेवटी तुम्ही आम्ही सारखेच."

ती गेली. निरुपमा आत आली, पर्स टेबलावर आपटली. तिला भयंकर राग आला. बाटगी म्हटलेलं तिने सोसलं होतं. 'सारखेच' हे तिला सोसवेना.

घरात कोणी नव्हतं. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती. ती गुडघे टेकून बसली नाही. खुर्ची ओढून बसली, भांडायला बसावं तशी, आणि मोठ्याने बोलू लागली.

"तू कुठे होतास त्या दिवशी? तो गालाला साबण लावत होता तेव्हा? तेव्हा गप्प बसलास ना? मग मी आता गप्प बसले तर माझ्या मागे का लागतोस?"

ती बोलत राहिली. शरच्चंद्रचं नाव घेतलं, सुवार्ताचं घेतलं, गल्लीच्या तोंडाशी अडलेल्या गाडीबद्दल सांगितलं, जसं काही देवाला ठाऊकच नव्हतं. रडूही आलं. मग बोलून बोलून ती थकली, आणि त्या थकव्यात तिच्या मनात प्रभू येशूचा खटला उभा राहिला. लहानपणापासून दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऐकलेला. तिने तो नेहमी त्याच्या बाजूला उभं राहून ऐकला होता. खोटे साक्षीदार, ओरडणारी गर्दी, हात धुणारा सुभेदार, ही सगळी परकी माणसं होती. आज तिला पहिल्यांदाच वाटलं की त्या शहरात आणखीही पुष्कळ माणसं असतील. ज्यांना खरं काय ते माहीत होतं. ज्यांनी खोटी साक्ष दिली नाही, जी गर्दीत ओरडली नाहीत, फक्त दारं लावून घरी बसली. आणि त्याचा पट्टशिष्य अंगणात शेकोटीपाशी हात शेकत बसला होता, आणि एका मोलकरणीने विचारलं तेव्हा त्याने त्याची ओळखच नाकारली. तेही छोटंसंच वाक्य होतं. 'आई स्वयंपाकघरात होती' याला हलवलेल्या मानेएवढंच.

पण तो निर्दोष होता, ती मनात म्हणाली. हा नाही.

या गुन्ह्यात हाही निर्दोष आहे. हे कोणी तिला सांगितलं नाही. ते तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि त्यातून सुटका नव्हती. ओले हात पुढे करून धावणारा माणूस ती विसरू शकत नव्हती. त्याला राक्षस म्हणायला तिची काही हरकत नव्हती, पण त्या क्षणी तो राक्षस नव्हता, आणि हे पाहणारं जगात दुसरं कोणीच नव्हतं.

"मला त्याच्यावर प्रेम करायला सांगू नकोस," ती म्हणाली. "ते माझ्याने होणार नाही. फक्त उद्या सकाळपर्यंत माझं मन फिरू देऊ नकोस."

सुवार्ता आल्यावर तिने सांगून टाकलं. सुवार्ता चप्पल काढता काढता थांबली.

"तू जाणार नाहीस."

"जाणार."

"मी पोलिसांना खोटं सांगितलं असं होईल."

"तू झोपली होतीस, तुला माहीत नव्हतं, असं सांगेन. आणि मान मी हलवली होती, तेही सांगेन."

"आई, मी गेले होते किल्ली मागायला. तू नव्हतीस तिथे. मी उभी होते त्यांच्यासमोर." सुवार्ताने पायातली चप्पल भिरकावली. "ते दुसरा गाल करत होते आणि मी बघत होते. तू बोललीस ना, तर बाबांना तू दुसऱ्यांदा मारशील."

निरुपमाने तिच्या खांद्याला हात लावू पाहिला. सुवार्ताने तो झटकला.

"येशूचं नाव सांगू नकोस मला. त्याला म्हणावं, माझ्याशी बोल."

सकाळी निरुपमा पोलीस चौकीत गेली. फौजदाराने तिला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. मग बोलावलं तेव्हा तो खवळलेलाच होता.

"तेव्हा स्वयंपाकघरात, आता गच्चीवर? काय मिळालं बेन? किती?"

"काही मिळालेलं नाही."

"मग नातेवाईक? एकाच जातीचे?"

"नाही."

"मग त्यांच्याशी तुमचं काय आहे?"

"वैर आहे," निरुपमा म्हणाली.

फौजदाराने लेखणी खाली ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिने पाहिलेलं सगळं सांगितलं. टाच कुठे लागली, प्रतापराव कुठे होते, हात ओले होते, बाही कशी फाटली. आपण आधी खोट्याला मान हलवली हेही सांगितलं. त्याने उलटसुलट विचारलं, दमात घेतलं, खोट्या जबाबाबद्दल तुरुंगात घालीन म्हणाला. ती म्हणाली, घाला. शेवटी त्याने समोरच्या गच्चीवरच्या लोकांना पुन्हा बोलावलं. खोदून विचारल्यावर एकेकाने कबूल केलं की आपण मान वळवली ती किंचाळी ऐकल्यावर. ढकलताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असणारच, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

काही दिवसांनी प्रतापराव सुटून आले.

त्याआधीच रखमाबाई शिरसाठांच्या फाटकाशी येऊन गेली होती. मूठभर माती तिने अंगणात फेकली. "माझा नवरा मेला आणि तू मारणाऱ्याला सोडवतेस! तुझा देव तुला बघून घेईल." निरुपमा ओट्यावर उभी राहून ऐकत राहिली. तिच्यापाशी उत्तर होतं, पण नवरा गेलेल्या बाईला द्यायचं ते उत्तर नव्हतं. शाळेत सहकारी शिक्षिका डबा खाताना तिच्या बाजूला बसेनाशा झाल्या. विश्वंभरकाकांनी चर्चमध्ये नेहमीच्या नमस्काराचा 'सलाम' केला, तोही दुसरीकडे बघत. सुवार्ताने वाघोडियात मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि ट्रंक भरून निघून गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं निरुपमाला वाटलं.

प्रतापराव तिच्याकडे आले ते रविवारी सकाळी, ती चर्चला निघत असताना. वाळले होते. फाटकाच्या बाहेरच थांबले.

"मी हात जोडायला आलेलो नाही," ते म्हणाले.

"मला नकोच आहेत."

"लोक म्हणतात तुमचे उपकार झाले माझ्यावर."

"लोकांना काय. मी तुमच्यासाठी गेले नव्हते."

"मग कोणासाठी?"

निरुपमाने हातातलं भजनांचं पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. "तुम्हाला समजणार नाही. आणि समजावून सांगण्याइतका माझा तुमच्यावर लोभ नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते, जुन्या सवयीचं, पण ते आलं नाही. त्यांनी फाटकाच्या गजाला धरलं आणि सोडलं. "तुका लहान असताना मीच त्याला पतंग शिकवला," ते एकदम म्हणाले. "बाही मी घट्ट धरली होती, बाई. कापडच विरलेलं होतं."

"मी पाहिलं," ती म्हणाली.

प्रतापराव वळले. त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव काढलं नाही, आणि तिनेही त्यांना ते काढायला लावलं नाही. ती रिक्षा शोधायला गल्लीबाहेर निघाली. मनात द्वेष होताच. फक्त तो आता तिला कुठे ओढत नेत नव्हता. मागून येणाऱ्या कुत्र्यासारखा तो आपला मागून येत होता, आणि वळून न बघता तिला चालता येत होतं.

दोन्ही घरांचं पुढे कधी जमलं नाही. रखमाबाई माहेरी, सावली गावी, निघून गेली. वरचा मजला बंद पडला.

ईस्टरच्या दिवशी सुवार्ता आली, न कळवता. आईने वाढलं ते खाली मान घालून खाऊ लागली. वाटीत चमचा वाजत राहिला.

"रश्श्यात मीठ कमी आहे," शेवटी ती म्हणाली.

"तुझी जीभ हॉटेलचं खाऊन बिघडलीय."

"माझी जीभ ठीक आहे. तुझाच हात चुकतोय हल्ली. बाबा असते तर त्यांनीही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. आणि तरी तीनदा घेतलं असतं."

सुवार्ताने मिठाचं भांडं ओढलं, चिमूटभर घातलं, ढवळलं आणि आईकडे न बघता वाटी पुढे केली.

"घाल अजून थोडा," ती म्हणाली.